स्पॅनिशमध्ये 'दे' शिकवतात आणि 'देऊ नकोस' साठी ताटकळत ठेवतात: एका ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार. चार द्यायचे होते पण का नाही दिले ते खाली सविस्तर आहे, वेळ असेल तर वाचा.

कोर्सचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. एक तर कुणाला नाव घेऊन झोडायचं नाहीये, आणि दुसरं म्हणजे स्पॅनिश शिकवणारे ॲप बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, त्यामुळे तुम्ही जो वापरताय त्यातही यातलं निम्मं तरी सापडेलच. स्वरूप नेहमीचंच, मोबाइलवर रोजचे धडे आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर टीचर, त्यातही टीचर दर वेळी आपला आपण निवडायचा. मी आठ महिने वापरलाय. पण हा रिव्ह्यू पूर्ण कोर्सचा नाहीये, फक्त आज्ञार्थाच्या मोड्यूलचा आहे, त्यातही आज्ञार्थाला 'मला', 'त्याला', 'ते', 'स्वतःला' ही सर्वनामं कशी चिकटतात त्या भागाचा. कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मजाही तिथेच आली.

आधी चांगलं सांगते. चिकटवायचा भाग यांनी फार भारी केलाय. स्क्रीनवर 'दा' म्हणजे दे, मग 'मे' म्हणजे मला, मग 'लो' म्हणजे ते, अशा तीन चिठ्ठ्या येतात, आपण बोटाने सरकवायच्या आणि त्या रेल्वेच्या डब्यांसारख्या खट्‌ करून जोडल्या जातात: दामेलो. मला ते दे. एकच शब्द, मध्ये जागा नाही. क्रम चुकवून 'दालोमे' करायला गेलात तर डबे जोडलेच जात नाहीत, नुसते हलतात. ज्याला द्यायचं तो आधी, जी वस्तू द्यायची ती नंतर, आणि आत्मवाचक असेल तर तो सगळ्यात आधी, हा नियम वाचून पाठ करायची वेळच आली नाही, बोटाला सवय लागली. पोन्तेलो म्हणजे ते घाल (कपडा, टोपी वगैरे), दिमेलो म्हणजे मला ते सांग. पहिल्या आठवड्यात मी असले शंभर एक डबे तरी जोडले असतील आणि जाम आत्मविश्वास आला होता.

मग 'त्याला ते दे' आलं. 'त्याला' म्हणजे ले, 'ते' म्हणजे लो, तर झालं 'दालेलो', असं कुठल्याही सरळ डोक्याच्या माणसाला वाटेल. नाही. ले आणि लो शेजारी आले की ले चा 'से' होतो, म्हणून दासेलो. ॲप काय सांगतं, तर म्हणे दोन ल शेजारी कानाला बरे वाटत नाहीत. हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं, 'पारालेलो' (समांतर) सारखे शब्द या लोकांना चालतात की. नंतर एका टीचरनी नीट सांगितलं, की जुन्या स्पॅनिशमध्ये लॅटिनमधून आलेलं एक 'गेलो' होतं (तो ग आपल्या ग सारखा नाही, बराचसा झ च्या जवळचा), आणि मग तो उच्चार बदलत बदलत आत्मवाचक 'से' च्या इतका जवळ गेला की लोकांनी दोन्हींची गल्लत करून टाकली आणि तीच कायम झाली. म्हणजे हा 'से' आत्मवाचक नाहीच, नुसता त्याच्यासारखा दिसतो. एवढं एक वाक्य ॲपमध्ये टाकलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते, कारण मी प्रत्येक 'से' ला 'स्वतः' समजून वाक्य लावत बसले होते.

आता तक्रार. मोठी आहे.

हो-कारी आज्ञा पूर्ण झाल्यावर हा कोर्स तुम्हाला चक्क दुसरीकडे नेतो. भूतकाळ, मग प्रवासाचे शब्द, मग तुलना, आणि नकारार्थी आज्ञा येते कधी, तर मला तिथे पोचायला साडेतीन महिने लागले. म्हणजे साडेतीन महिने मी 'दे', 'सांग', 'बस', 'ऊठ' सगळं म्हणू शकत होते पण 'देऊ नकोस' एकदाही नाही. आणि मधल्या काळात माणूस काय करतो, तर स्वतःच्या अकलेने बनवतो. व्हिडिओ कॉलवर टीचरने एक कोडं घातलं, मला उत्तर जवळजवळ सुचलं होतं, ती सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी ओरडले, नो दिमेलो! ती थांबली. चेहऱ्यावर असं की आपल्याकडे कुणी 'नको सांग मला ते' म्हणालं तर आपल्या चेहऱ्यावर येईल तसं. कळतं, पण कानात खडा जातो. मग हसून म्हणाली, नो मे लो दिगास. आणि पुढची दहा मिनिटं तिने मला जे सांगितलं ते माझ्या साडेतीन महिन्यांपेक्षा जास्त कामाचं निघालं.

नकार आला की दोन गोष्टी होतात. सगळे डबे इंजिनच्या मागून निघून इंजिनच्या पुढे येतात, सुटे सुटे: नो, मे, लो, आणि मग क्रियापद. आणि क्रियापद स्वतःही रूप बदलतं, 'दा' चं 'देस' होतं, 'दि' चं 'दिगास' होतं. ॲपमध्ये यासाठी अख्खा इशारा आहे, पिवळ्या चौकटीत, की सावधान, इथे क्रियापदाचं रूप वेगळं असतं, हे सुरुवातीला विचित्र वाटेल. मी ते वाचलं आणि विचार केला, विचित्र कुणाला वाटेल? इंग्रजीवाल्याला. कारण तिकडे 'गिव्ह' ला 'डोन्ट गिव्ह' म्हटलं की झालं, क्रियापद जागचं हलत नाही. पण आपण काय म्हणतो? दे, पण देऊ नकोस. बस, पण बसू नकोस. 'नको दे' म्हणतो का आपण? आपल्याकडे हे जन्मापासून आहे, नकार आला की क्रियापद वेगळं रूप घेतं, आणि आपल्याला त्यात काहीही विचित्र वाटत नाही.

आणि क्रम बघा. नो मे लो देस. नो बाजूला ठेवा, उरलं काय: मे म्हणजे मला, लो म्हणजे ते, देस म्हणजे देऊ. मला ते देऊ नकोस. शब्दाला शब्द! फक्त 'नो' आपल्याकडे शेवटी जातो आणि त्यांच्याकडे पहिला येतो. म्हणजे मराठी बोलणाऱ्यासाठी नकारार्थी आज्ञा ही होकारार्थीपेक्षा सोपी आहे, उलट 'दामेलो' आपल्याला उलटं आहे, कारण आपण 'दे' शेवटी म्हणतो. हे मला कळलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि पाच मिनिटं नुसतीच बसले. कोर्सने अवघड म्हणून साडेतीन महिने पुढे ढकललेली गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात सोपी होती, आणि सोपी म्हणून पहिल्या दिवशी दिलेली गोष्ट खरी अवघड. अर्थात कोर्स इंग्रजीतून शिकवतो, त्यांच्या डोक्यात विद्यार्थी म्हणजे इंग्रजी बोलणारा, त्यात त्यांची चूक म्हणावी का मला माहीत नाही, पण अर्धा स्टार तिथेच गेला.

आत्मवाचकचंही तेच. सिएन्ताते म्हणजे बस. ॲप भाषांतर दाखवतं 'स्वतःला बसव', लेवान्ताते म्हणजे 'स्वतःला उठव', आणि सोबत एक चित्र, एक माणूस स्वतःलाच कॉलर धरून उचलतोय. विनोद म्हणून ठीक आहे पण यातून माझ्या डोक्यात असं बसलं की शेवटचा 'ते' (स्पॅनिशमधला, म्हणजे 'तुला', 'स्वतःला') हा नुसता नटवा शब्द आहे, असला तर असला, नसला तर नसला. मग झालं काय, एकदा मेक्सिकोतल्या एका टीचरबरोबर कॉल चालू होता, तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा मागून येऊन खुर्चीवर उभा राहिला, पडेल असं वाटलं, म्हणून मी एकदम जोरात म्हणाले, सिएन्ता! मुलगा बघतच राहिला माझ्याकडे आणि टीचर अगदी गंभीर चेहरा करून मला विचारते, आ किएन? कुणाला?

कुणाला बसवू, असं विचारत होती ती. कारण मी 'बस' म्हटलंच नव्हतं, 'बसव' म्हटलं होतं.

आणि तिथे ट्यूब पेटली. बस आणि बसव. ऊठ आणि उठव. झोप आणि झोपव. आपल्याकडे मूळ क्रियापद 'स्वतः करण्याचं' असतं आणि 'व' लावला की दुसऱ्याकडून करवायचं होतं. स्पॅनिशमध्ये बरोब्बर उलटं आहे, मूळ क्रियापदच 'करवायचं' आहे, सेन्तार म्हणजे बसवणं, लेवान्तार म्हणजे उठवणं किंवा उचलणं, आकोस्तार म्हणजे झोपवणं, बान्यार म्हणजे आंघोळ घालणं, आणि 'से' लावला की ते 'आपलं आपण' होतं. म्हणजे आपला 'व' काढायचा आणि त्यांचा 'से' लावायचा, काम एकच. लेवान्ता ला मानो म्हणजे हात वर कर, लेवान्ताते म्हणजे ऊठ. मी एका कागदावर दोन रकाने केले, डावीकडे व-वाली क्रियापदं, उजवीकडे से-वाली, वीस-बावीस जोड्या झाल्या आणि तेव्हापासून 'ते' विसरलेले नाही. सगळीकडे चालत नाही हे, 'इर' म्हणजे जाणं आणि 'इर्से' म्हणजे निघून जाणं, तिथे करवण्याचा संबंध नाही. त्या इर्से ने पण माझी फजिती केलीय, कॉलची वेळ संपली होती, टीचरचा पुढचा क्लास होता, मला म्हणायचं होतं 'जा जा, उशीर होईल', आणि मी प्रेमाने म्हणाले 'बेते', म्हणजे चालती हो. (लिहिताना व्ही असतो, ऐकताना ब, म्हणून मी ब लिहितेय.)

त्याच टीचरने त्या मुलाला नंतर जे म्हटलं ते कुठल्याच धड्यात नव्हतं. नो ते मे काइगास. 'ते' कळला, पडणं आहे, काएर्से. पण मधला 'मे' कशाला? मला काय पाडतोय तो? तर म्हणे हा 'मे' कर्म नाही, हा काळजीचा आहे. पडशील आणि जीव माझा जाईल, एवढं सगळं त्या एका 'मे' मध्ये. आपण 'पडू नकोस हं राजा' म्हणतो ना, त्यातल्या 'हं राजा' चं काम तो 'मे' करतो. असली गोष्ट कोर्सच्या वरच्या लेव्हलला तरी असेल म्हणून शोधली, नाहीये.

हातांचं एक छोटं. लाबाते लास मानोस, हात धू. शब्दशः 'स्वतःला धू ते हात', 'तुझे' नाही. इथे पण पिवळी चौकट. आपण कधी 'तुझे हात धू' म्हणतो? कुणाचे धुणार दुसऱ्याचे? पुढे.

आता जिथे आपण मराठी लोक खरंच मार खातो आणि कोर्सला त्याचा पत्ताच नाही ते सांगते, आघात. मराठीत आपण शब्द बऱ्यापैकी सपाट बोलतो, कुठलं अक्षर दाबलं यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. आणि आज्ञेला सर्वनामं चिकटली तरी जोर मूळ क्रियापदाच्या जागेवरच राहतो, मागे कितीही डबे लावा इंजिन तेच. दा, दाऽमे, दाऽमेलो. दिऽगा, दिऽगामे, दिऽगामेलो, म्हणजे चार अक्षरी शब्दात पहिल्यावर जोर आणि मग तीन अक्षरं घसरगुंडीवरून खाली. माझं व्हायचं काय, दोन शब्द जोडून झाले की मी सवयीने शेवटच्या 'लो' वर उतरायचे, दामेलोऽ, आणि टीचर दर वेळी कपाळाला आठी. लिहिताना हाच जोर दाखवायला स्वरावर तिरकी रेघ येते. दिमे ला रेघ नाही, दिमेलो ला आहे. पोन्ते ला नाही, पोन्तेलो ला आहे. सिएन्ता ला नाही, सिएन्ताते ला आहे. शेवटून तिसऱ्या किंवा त्याच्याही आधीच्या अक्षरावर जोर गेला की रेघ हवीच, हा साधा नियम, अपवाद शोधायची गरज नाही.

तर ॲप काय करतं? रेघ न देता टाइप केलं तरी हिरवी टिक! खाली बारीक अक्षरात 'उच्चारचिन्हांकडे लक्ष द्या' एवढं येतं आणि ते मी आठ महिन्यांत एकदाही वाचलेलं नाही, कोण वाचतं. बोलायच्या सरावात तर मी मुद्दाम प्रयोग केला, दामेलोऽ, दामेऽलो, दाऽमेलो, तिन्ही वेगवेगळं बोलून बघितलं, तिन्हीला टाळ्या. माइकला शब्द ओळखता आला की त्याचं काम झालं. द आणि त मात्र आपले फुकट येतात हं, स्पॅनिशचा द त दातावरचाच, क प त मध्ये हवाही सोडत नाहीत, त्यामुळे टीचर लोक पहिल्या मिनिटाला उच्चाराचं कौतुक करतात आणि दुसऱ्या मिनिटाला आघातावरून रडवतात.

रेघेवरून अजून एक. माझ्याकडे एक जुनं वापरलेलं व्याकरणाचं पुस्तक होतं, त्यात 'देमे' (मला द्या) वर रेघ होती आणि ॲपमध्ये नव्हती. मी ॲपची चूक म्हणून रिपोर्ट पण ठोकला. चूक माझीच, म्हणजे पुस्तकाच्या वयाची. नुसत्या 'दे' वर रेघ असते म्हणून आधी 'देमे' वर पण ठेवायचे, १९९९ च्या शुद्धलेखनापासून स्पॅनिश अकादमीने ती काढली, आता चिकटलेला शब्द नेहमीच्याच नियमाने चालतो. सपोर्टने हे दोन ओळीत नम्रपणे कळवलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. आणि हो, सपोर्टवाल्यानेच जाता जाता एक भन्नाट गोष्ट सांगितली: 'साल' म्हणजे बाहेर ये, त्याला 'ले' जोडला की शब्द बोलता येतो, पण स्पॅनिशमध्ये लिहिताच येत नाही! कारण दोन एल शेजारी लिहिले की ते य सारखे वाचले जातात. अकादमीने पण सरळ सांगून टाकलंय की हा शब्द लिहायची सोय नाही. मला हे इतकं आवडलं की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

टीचर निवडायची सोय ही या कोर्सची खरी कमाई आहे आणि यासाठीच मी पैसे परत मागितले नाहीत. ॲप एकच स्पॅनिश शिकवतं, कुठलीच नसलेली, पण आज्ञा हा असा भाग आहे की देश बदलला की पार बदलतो. मेक्सिकोच्या टीचरकडून कळलं की तिथे बाजारात दुकानदार 'पासेले, पासेले' ओरडतात, या या, आत या, आणि त्यातला 'ले' म्हणजे 'त्याला' वगैरे काही नाही, नुसता शेपटीला लावलेला जोर आहे. आन्दाले, कोर्रेले, सगळे तसेच. मी आपली आठवडाभर 'त्याला' कोण ते शोधत होते. शिवाय ऐकू नाही आलं तर ती म्हणायची 'मान्दे?', तो पण मूळचा आज्ञार्थच, 'आज्ञा करा' अशा अर्थाचा, आणि आता नुसता 'काय म्हणालात?'.

कोलंबियाचे एक सर होते, ते म्हणाले आमच्याकडे दुकानात 'देमे' म्हटलंत तर जरा खडखडीत वाटेल, 'रेगालेमे' म्हणा, शब्दशः 'मला भेट द्या'. पैसे अर्थातच द्यायचे असतात. बोगोतात लोक घरात, मित्रांमध्ये सुद्धा सर्रास 'तुम्ही' वालं उस्तेद वापरतात, म्हणजे मित्राला सुद्धा सिएन्तेसे, बसा. स्पेनच्या बाई याच्या अगदी उलट, त्या म्हणे बारमध्ये सरळ 'पोन्मे' म्हणतात, मला लाव म्हणजे दे, त्यात उद्धट काही नाही, मी प्लीज-प्लीज करत होते तर म्हणाल्या कशाला एवढी आर्जवं. आणि फोन उचलला की 'दिगामे', सांगा मला. आपण 'हं, बोला' म्हणतो अगदी तसंच, आज्ञार्थ आणि सगळं.

अर्जेंटिनाच्या टीचरकडे मात्र मी पहिल्याच कॉलला गारद. तिथे 'तू' साठी तु नाहीच, वोस (म्हणजे बोस), आणि त्याच्या आज्ञेत जोर पुढच्या अक्षरावर. सिएन्ताते नाही, सेन्ताऽते. दिमे नाही, देसिऽमे. आणि जोर शेवटून दुसऱ्यावर गेल्यामुळे रेघ पण गायब! मी जे आठ आठवडे घोकलं ते तिथे उपऱ्यासारखं वाटायला लागलं. दामेलो तेवढा तोच राहतो, तेवढाच आधार. ॲपमध्ये वोस बद्दल एक, मोजून एक, स्क्रीन आहे. अख्खा अर्जेंटिना, उरुग्वे, शिवाय मध्य अमेरिकेतले बरेच देश हे रोज बोलतात आणि तुम्ही एक स्क्रीन देता?

स्पेनच्या 'तुम्ही सगळे' वाल्या रूपाचं आणि 'चला आपण' वाल्याचं थोडक्यात उरकते कारण कोर्सनेही उरकलंय आणि तिथे उरकलं तर चालतं. सेन्ताद म्हणजे बसा रे, त्याला ओस जोडला की द पडतो, सेन्ताओस. एकच क्रियापद हट्टी, इर्से, तिथे द राहतो, इदोस. पण खरं बोलताना स्पेनमध्ये बहुतेक लोक 'इरोस' म्हणतात आणि २०१७ साली अकादमीने शेवटी ते पण मान्य केलं. 'आपण' वाल्यात स पडतो, बामोस अधिक नोस, बामोनोस, चला जाऊया. नकारात पुन्हा सगळं पुढे: नो नोस बायामोस. ॲपमध्ये बामोनोस शिकवलंय, नकार नाही. दर वेळी नकारावरच यांचं घोडं का अडतं कळत नाही.

एक होमवर्क खूप आवडला तो सांगायलाच हवा, कारण तो ॲपमधला आहे आणि टीचरमधला नाही, म्हणजे श्रेय त्यांनाच. औषधाच्या बाटल्या आणि खोक्यांवरच्या स्पॅनिश सूचनांचे फोटो देतात आणि विचारतात, इथे कोण कुणाला काय सांगतंय? 'आहितेसे आन्तेस दे उसार', वापरण्यापूर्वी हलवा. शेवटी से चिकटलाय, तर बाटलीने स्वतःला हलवायचं का? मी पहिल्यांदा तेच उत्तर दिलं. तर तसं नाही, इथे 'से' म्हणजे कर्ता कुणीच नाही, 'हलवली जावी'. आपल्या बाटल्यांवर 'हलवून घ्यावे', 'थंड जागी ठेवावे' लिहिलेलं असतं ना, तोच 'वे', तीच सरकारी अंतर राखलेली भाषा. 'मान्तेन्गासे फुएरा देल आल्कान्से दे लोस निन्योस', मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. आता जिथे स्पॅनिश लेबल दिसतं तिथे मी चिकटलेला से शोधते, रोगच लागलाय.

आणि एक उदाहरण व्हिडिओ धड्यात होतं जे ऐकून मी उडाले. २००७ साली चिलीत सान्तियागोला इबेरो-अमेरिकन शिखर परिषदेत स्पेनचे राजे हुआन कार्लोस व्हेनेझुएलाच्या चावेझना सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'पोर के नो ते कायास?', तू गप्प का बसत नाहीस. धड्यात विचारतात, ही आज्ञा आहे का? भावना आज्ञेचीच आहे, पण वाक्य प्रश्नाचं आहे, म्हणून 'ते' पुढे आणि क्रियापद साधं, कायास. आज्ञा असती तर 'कायाते'. आणि 'नो ते कायेस' म्हटलं असतं, आ च्या जागी नुसता ए, तर अर्थ झाला असता 'गप्प बसू नकोस'. एका स्वरावर राजा माणूस चावेझना बोलतं ठेवून बसला असता! शिवाय दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला 'ते', म्हणजे सरळ तू, उस्तेद नाही, त्याचाही मुद्दा टीचरने काढला. एवढं चांगलं उदाहरण आणि ते ठेवलंय कुठे, तर नकारार्थी आज्ञा शिकवायच्या दोन महिने आधी, म्हणजे कायेस कुठून आला हे तोवर कुणालाच कळणार नाही. क्रम लावणारा माणूस या लोकांनी बदलावा, प्लीज.

बारीक सारीक: 'नो ते सिएन्तेस' ला ॲप फक्त 'बसू नकोस' एवढंच उत्तर बरोबर धरतं. पण हेच शब्द सेन्तिर्से चे पण होतात, नो ते सिएन्तेस ब्येन, तुला बरं वाटत नाहीये. पुढे 'ब्येन' आला तरच कळतं. मी 'तुला वाटत नाहीये' टाकलं, लाल फुली, दोनदा. टीचरला दाखवलं तर ती म्हणाली एकटं वाक्य दिलं तर मला पण नाही कळणार. बाकी ॲप हँग होत नाही, ऑफलाइन धडे चालतात, सरावाची आठवण करून देणारे मेसेज जरा जास्त येतात.

कुणी घ्यावा? टीचर बदलून बदलून बोलायची तयारी असेल तर जरूर घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात टीचरला सांगा की मला होकार-नकार एकत्रच शिकवा, ॲपचं ऐकू नका. नुसत्या ॲपच्या भरवशावर घेणार असाल तर माझं मत नाही असंच आहे.

एडिट: हे सगळं त्यांना पण पाठवलं होतं. धड्यांचा क्रम तसाच आहे, पण गेल्या अपडेटपासून रेघ न देता टाइप केलं तर हिरव्याऐवजी पिवळं येतं आणि पुन्हा लिहायला लावतं. पहिल्याच दिवशी माझे अकरा शब्द पिवळे निघाले, त्यात दामेलो तीनदा. स्टार साडेतीनच ठेवतेय.